निषिद्ध हिरवा

विष्णुपुरीच्या टेकडीवर, विभागाच्या तळमजल्यात
नऊ दिवसांपासून एकच गणित चालू आहे.
दोन इलेक्ट्रॉन गमावून बसलेला ऑक्सिजन
आणि त्याच्याकडे निघालेला कुणी परका.
किती वेगाने आला तर आदळेल,
आदळला तर याला कुठवर उचलेल,
एवढंच विचारते आहे मी यंत्राला.
वैशाख. कूलरमधलं पाणी संपलेलं.

रुक्माजी किल्ल्या घेऊन दारात थांबतात.
"काय करायलाव मॅडम, रातभर?"
टक्कर मोजतेय.
"कुणाची?"
मी वर बोट दाखवते. वर पंखा आहे.
ते पंख्याकडे बघतात, मग माझ्याकडे.
"लागतंय का त्याला?"

हे कुठल्याच समीकरणात नाही.
लागतं, म्हणाले. मग तो वरच्या पायरीवर जाऊन बसतो.
उतरायचं तर नियम आडवा येतो:
या वाटेने उजेड द्यायला मनाई.
मनाई म्हणजे तरी काय, उशीर.
बाकीचे डोळ्याचं पातं हलायच्या आत मोकळे होतात,
याला लागतात चाळीस सेकंद.

आणि इथल्या हवेत ते त्याला कोण देणार?
बोराएवढ्या जागेत कण किती,
तर एकावर वीस शून्यं.
पुढचा येतो, कोपर मारतो,
याने वर नेलेलं सगळं काढून घेतो
आणि त्याच जोरावर पळतो.
उजेड पडत नाही.
उकाडा तेवढा वाढतो.

इतवाऱ्यात दोन खोल्यांत आम्ही अकरा जण.
बारावीला भौतिकात अठ्ठ्याण्णव.
गुणपत्रिका घेऊन मी उंबऱ्यात,
आणि आत्या म्हणाली, बरं झालं आलीस, नळ आलाय.
सहावी घागर भरेपर्यंत
ते अठ्ठ्याण्णव दंडांत, पोटऱ्यांत जिरून गेले होते.
वाईट कुणीच नव्हतं.
दाटी होती.

मृगातला तो पुसट डाग या दिवसांत दिसत नाही,
सूर्याबरोबरच मावळतो.
पण आहे. तिथे बोराएवढ्या जागेत
फार तर काही हजार जण.
एक धक्का बसला की पुढचा येईपर्यंत
नुसतं असायला वेळ.
आणि मग, कुणी मागितलेला नसताना, हिरवा.
माणसांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा
नवं मूलद्रव्य समजून त्याला नावसुद्धा ठेवलं.
नवं काही नव्हतं त्यात.
आपण श्वासात घेतो तोच ऑक्सिजन,
कुणी न अडवलेला.

आज पहाटे आलेखावर सुळके उगवले,
बाभळीच्या काट्यांसारखे, दाट.
ठरावीक ऊर्जेने आलेला परका लगेच निघून जात नाही.
जरा टेकतो. याच्याच घरचा असल्यासारखा
बसतो, पाणी पितो, मग उठतो.
टेकण्यामुळे टक्करीचं बळ वाढतं,
हे मी प्रबंधात लिहीन.
पाण्याचं नाही लिहिणार.

"चाळीस सेकंद म्हंजी किती ओ?"
रुक्माजींनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
आम्ही दोघं काट्याकडे बघत उभे.
यंत्राचा पंखा. बाहेर कडुनिंबात वारा.
बंधाऱ्याकडून एक टिटवी ओरडत गेली.
वीस.
त्यांच्या अंगठ्याचं नख अर्धं काळं पडलंय,
हे चार वर्षांत मला दिसलं नव्हतं.
तिसाव्याला मला काहीतरी सांगावंसं वाटलं.
नाही सांगितलं.
ते मध्ये बोलले नाहीत, खोकलेसुद्धा नाहीत.

मग घड्याळ उचलून, पट्टा आवळत म्हणाले,
"लई असतंय की हे."

किल्ल्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला.
व्हरांड्यातले दिवे त्यांनी एकेक करत घालवले,
माझ्या दारापुढचा तेवढा
राहू दिला.